शाळेच्या प्रदर्शनासाठी अणुवीज केंद्राचं चालतं मॉडेल

डिसेंबर-जानेवारीत ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांची विज्ञान प्रदर्शनं सुरू झाली की एखाद्या तरी टेबलावर अणुवीज केंद्र असतंच. पुठ्ठ्याचा घुमट, आत लाल बल्ब, शेजारी डमरूच्या आकाराचे दोन मनोरे आणि त्यांतून निघणारा अगरबत्तीचा धूर. परीक्षक विचारतात, "यात चालतं काय?" आणि पोरांची बोटं बल्बकडे जातात.

अणूचं विभाजन टेबलावर दाखवता येत नाही, ते करूही नये. पण केंद्रातला बाकीचा जवळपास सगळा पसारा उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्यासाठी असतो, आणि तेवढं मात्र घरच्या सामानात खरोखर चालवून दाखवता येतं. पुढच्या मॉडेलमध्ये पाणी तापतं, फिरतं, थोडी वीज तयार होते, तापमान वाढलं की भट्टी आपोआप बंद पडते, आणि बंद पडल्यावरही थोडी उष्णता निघत राहते. हे शेवटचं दाखवणारं मॉडेल प्रदर्शनात क्वचितच दिसतं. आठवी ते दहावीच्या मुलांना एक मोठं माणूस सोबत असेल तर दोन शनिवार-रविवारांत जमण्यासारखं काम आहे. खर्च साधारण तीन ते साडेतीन हजार.

आधी केंद्र ठरवा

"अणुवीज केंद्र" असं मोघम मॉडेल करू नका, एक ठरावीक केंद्र निवडा. इथल्या मुलांसाठी तारापूर सोयीचं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथे दोन जातींच्या भट्ट्या आहेत. १९६९ पासूनच्या १ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्यांत साधं पाणी भट्टीतच उकळतं. ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, जड पाण्यावर (म्हणजे साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेल्या पाण्यावर) चालणाऱ्या. चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये सुरू झाली. मॉडेल या दुसऱ्या जातीचं करायचं, कारण देशातल्या बहुतेक अणुवीज भट्ट्या याच घराण्यातल्या आहेत.

तिथली रचना अशी. नैसर्गिक युरेनियमच्या कांड्यांचे जुडगे आडव्या नळ्यांत बसवलेले असतात. नळ्यांमधून दाबाखालचं जड पाणी फिरतं. ते साधारण २६० अंशांना आत जातं आणि ३०० अंशांच्या आसपास बाहेर येतं, पण दाबामुळे उकळत नाही. ते आपली उष्णता बाष्पजनित्रात दुसऱ्या, साध्या पाण्याला देतं. त्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, आणि काम झालेली वाफ कंडेन्सरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होऊन पुन्हा पाणी होते. म्हणजे पाण्याचे तीन वेगळे प्रवाह, एकमेकांत न मिसळणारे.

डमरूसारखे मनोरे तारापूरच्या मॉडेलला लावू नका. केंद्र समुद्रकाठी आहे, त्याला त्यांची गरज नाही. असे मनोरे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याला आहेत, आणि त्यांच्यातून निघतो तो धूर नसून पाण्याची वाफ असते. घुमटातला हिरवा उजेडही विसरा. भट्टीच्या पाण्यात खरोखर दिसणारा उजेड निळा असतो. आणखी एक गफलत नेहमीची: वाशीच्या पुलावरून पलीकडे दिसतो त्या ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, पण तिथल्या भट्ट्या संशोधनाच्या. १९८५ मध्ये सुरू झालेली ध्रुव ही १०० मेगावॉट उष्णतेची भट्टी ग्रिडला वीज देत नाही.

सामान

वाफेचं मॉडेल करायचं नाही. कुकरला नळी जोडून पंखा फिरवणारे प्रयोग दिसतात, पण नळीत पाणी साचून ती तुंबली की कुकर हा बॉम्बच असतो, आणि समोर पोरांची गर्दी. इथे सगळं काम १२ व्होल्टवर आणि ५५ अंशांखाली होतं.

भट्टीसाठी दहा सेंटिमीटर व्यासाचा, लिटरभर मावेल असा स्टीलचा उभा डबा. उष्णतेसाठी १५ ओहम, १० वॉटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर सहा आणि ३९ ओहम, ५ वॉटचा एक. कांड्यांसाठी पाच अष्टमांश इंची तांब्याची नळी मीटरभर. एसी दुरुस्तीवाल्याकडे जुनी सहज मिळते. १२ व्होल्ट १० अँपिअरचा, एलईडी पट्ट्यांना लावतात तो पॉवर सप्लाय. ताशी २४० लिटरचे १२ व्होल्टचे छोटे ब्रशलेस पंप दोन. डब्ल्यू १२०९ नावाचं थर्मोस्टॅटचं छोटं सर्किट, त्याच्या सेन्सरसह. उष्णतेवर वीज देणाऱ्या ४० बाय ४० मिलिमीटरच्या चकत्या दोन. दुकानात "एसपी १८४८" म्हणून मागा. ४० बाय ८० चे ॲल्युमिनियमचे वॉटर ब्लॉक, म्हणजे आतून पाणी फिरतं असे चपटे पोकळ ठोकळे, दोन. आठ मिलिमीटर आतल्या व्यासाची सिलिकॉन नळी तीन मीटर. सोलर मोटर म्हणून मिळते ती कमी व्होल्टेजची छोटी मोटर. शिवाय दहा लिटरची निळी बादली, हीटसिंक पेस्ट, गाडीचा १० अँपिअरचा फ्यूज, स्विच आणि दोन डिजिटल तापमापक, मत्स्यालयवाल्यांकडचे चालतील. इलेक्ट्रॉनिक सामान लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं.

मोटरबाबत तडजोड नको. खेळण्यातल्या गाडीची मोटर सुरू व्हायलाच जास्त करंट मागते; या चकत्यांवर ती हलणार नाही आणि दोष चकत्यांवर येईल. एलईडीही थेट लागत नाही. लाल एलईडीला सुद्धा पावणेदोन व्होल्टच्या वर लागतात.

इंधनाच्या कांड्या

तांब्याच्या नळीचे चौदा सेंटिमीटरचे सात तुकडे करा. प्रत्येकाचं एक टोक चेपून एसीवाल्याकडून ब्रेझिंग करून (ज्योतीवर धातू वितळवून सांधून) बंद करून घ्या. हे काम रेझिस्टर आत घालण्याआधीच, नाहीतर ज्योतीखाली रेझिस्टर आणि त्याच्या तारा दोन्ही जातील. प्रत्येक नळीत वर्तमानपत्राची सुकी घडी घालून ती रात्रभर पाण्यात उभी ठेवा. सकाळी कागद ओला निघाला तर ब्रेझिंग परत. ही पायरी वगळली की गळकी कांडी नेमकी प्रदर्शनाच्या दिवशी सापडते. खऱ्या इंधनाच्या कांड्यांचीही गळती तपासूनच त्या भट्टीकडे जातात, हे तक्त्यावर लिहायला हरकत नाही.

रेझिस्टरला जाड तार जोडा. सांध्यावर आणि तारेवर फायबर ग्लासची स्लीव्ह चढवा, कारण साधं पीव्हीसी आवरण उष्णतेने मऊ होऊन तार तांब्याला टेकते. मग रेझिस्टर नळीच्या तळाशी सोडा आणि भोवती कोरडी, चाळलेली बारीक वाळू भरून नळी टिचकीने ठोका. वाळू दमट असेल तर पहिल्या तापवणीतच वाफ वर येते, म्हणून ती आधी तव्यावर भाजून घ्या. नळीचं वरचं तोंड पाण्याबाहेरच राहणार असल्याने ते बंद करायची गरज नाही.

डब्याला सहा मिलिमीटर प्लायवूडचं झाकण, त्यात सात छिद्रं कांड्यांची आणि एक सेन्सरचं. ३९ ओहमची कांडी जाईल ते छिद्र थोडं सैल ठेवा आणि त्या कांडीला लाकडी मूठ लावा. ती पुढे बाहेर काढायची आहे. तळापासून दोन सेंटिमीटरवर नळी जोडायला पितळी टँक निपल, दोन्ही बाजूंना रबरी वॉशर. डब्यात ६०० मिलिलिटर पाणी घातलं की साडेसात सेंटिमीटरच्या आसपास चढतं आणि रेझिस्टर पूर्ण बुडतात.

हिशेब मुलांकडूनच करून घ्या. १५ ओहमचा प्रत्येक रेझिस्टर १२ व्होल्टवर ९.६ वॉट देतो, सहा मिळून ५७.६. ३९ ओहमचा ३.७ वॉट. एकूण ६१ वॉटच्या जरा वर, म्हणजे ६०० मिलिलिटर पाण्याला मिनिटाला जेमतेम दीड अंश. प्रत्यक्षात डबा हवेलाही उष्णता देतो, त्यामुळे वेग थोडा कमीच दिसेल. परीक्षक यायच्या वेळी थंड पाण्याने सुरुवात केलीत तर अर्धा तास काही हलत नाही. थर्मासमधून पन्नास अंशांचं पाणी आणून ओता.

३.७ हा आकडा मुद्दाम निवडलाय. ६१ चे ते सहा टक्के. का, ते दुसऱ्या प्रयोगात कळेल.

जोडणी

लाल फेरी: डब्याच्या निपलमधून पंप, पंपातून पहिला वॉटर ब्लॉक, ब्लॉकमधून परत डबा. निळी फेरी: बादली, दुसरा पंप, दुसरा ब्लॉक, परत बादली. दोन ब्लॉकच्या मध्ये दोन चकत्या शेजारी शेजारी, दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ थर. पातळ म्हणजे चकतीवरची छापील अक्षरं पेस्टमधून अंधुक दिसली पाहिजेत. लोणी फासल्यासारखा थर दिला तर उष्णता अडते. दोन्ही चकत्यांची तोंडं एकाच दिशेला हवीत. एक उलटी बसली की दोघींचे व्होल्ट एकमेकांना खातात आणि मीटर शून्याच्या आसपास दाखवतो. सगळं मिळून चार मोठ्या बुलडॉग क्लिपांनी दाबून धरा. नटबोल्टने आवळलंत तर दोन तोटे: बोल्टमधून उष्णता परस्पर पलीकडे जाते, आणि एक बाजू आधी घट्ट झाली की चकतीचं सिरॅमिक तडकतं.

तीन फेऱ्यांऐवजी इथे दोनच आहेत, कारण बाष्पजनित्र, टर्बाइन आणि जनित्र या तिघांची जागा चकत्यांनी घेतली आहे. हे तक्त्यावर ठळक लिहा. लपवलंत तर परीक्षक शोधून काढतील. लिहिलंत तर त्यावरच चांगली चर्चा होते.

पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत. ते पाण्याच्या पातळीखाली ठेवा आणि सुरू करण्याआधी नळी हलवून हवा काढा. पंप गुरगुरतोय पण पाणी फिरत नाही, तर आत हवेचा फुगा अडकलेला असतो. परतीच्या नळीचं टोक पाण्यात बुडवलेलं असू द्या, नाहीतर पडणारं पाणी हवा घेऊन पुन्हा पंपात जातं. मत्स्यालयाची साधी पीव्हीसी नळी लाल फेरीला वापरू नका. पन्नास अंशांना ती नरम पडते आणि सांध्यातून निसटते.

विजेची जोडणी फ्यूजपासून सुरू करा. सहा कांड्या दोन-दोनच्या तीन जोड्यांत, प्रत्येक जोडीला वेगळा स्विच. हे तुमचे नियंत्रक: स्विच बदलून तापमान हवं तिथे धरायचं. तिन्ही स्विचची तार थर्मोस्टॅटच्या रिलेतून, म्हणजे त्याच्या आपोआप उघडझाप होणाऱ्या स्विचमधून, न्या. रिलेच्या दोन टोकांना स्वतःची वीज नसते. तार मधोमध तोडून ती टोकं मध्ये घालावी लागतात. नवखी मंडळी इथेच फसतात. थर्मोस्टॅट तापवण्याच्या पद्धतीवर ठेवा (पी शून्यमध्ये एच), मर्यादा ५५ अंश आणि पी एकमध्ये १५, म्हणजे बंद पडल्यावर पाणी ४० अंशांवर येईपर्यंत कांड्या परत सुरू होणार नाहीत. मूळ सेटिंग दोन अंशांचं असतं. ते तसंच ठेवलं तर भट्टी दर मिनिटाला बंद-चालू होते, आणि खरी भट्टी अशी आपसूक परत सुरू होत नाही. ५५ च्या वर जाऊ नका. हे पंप साधारण ६० अंशांपर्यंतचेच असतात.

३९ ओहमची कांडी मात्र रिलेतून नेऊ नका आणि तिला स्विचही देऊ नका. ती थेट फ्यूजनंतरच्या तारेवर.

एकूण करंट सहा अँपिअरच्या घरात जातो, म्हणून मुख्य तार दीड चौरस मिलिमीटरची घ्या. पॉवर सप्लायची २३० व्होल्टची टोकं उघडी असतात. त्यावर झाकण, तीन पिनांचा प्लग, अर्थिंग जोडलेलं. सप्लाय बादलीपासून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, फळीवर उंच, आणि तारांना त्याच्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी तिथेच गळून पडेल. क्रम कायम एकच: आधी पाणी, मग पंप, मग कांड्या. बंद करताना उलट. जेवायला जाताना प्लगच काढा.

दाखवायचं काय

घरी एकदा सगळं चालवून पाहा, किती जोड्यांवर लाल पाणी पन्नासच्या आसपास स्थिरावतं ते. डबा किती गुंडाळलाय आणि खोली किती गार आहे, यावर ते ठरतं.

पहिला प्रयोग: मोटर फिरतेय, लाल पाणी ५०, निळं २७. आता निळा पंप बंद करा. लाल पाणी तितकंच गरम, पंप चालू, भट्टी चालू, आणि तरी दोन-तीन मिनिटांत मोटर मंदावून थांबते. वीज निव्वळ उष्णतेतून मिळत नाही. गरम आणि थंड यांच्यातल्या फरकातून मिळते. निळा पंप पुन्हा लावा, मोटर पुन्हा फिरते. शब्द न वापरता कंडेन्सर समजतो.

इथे तक्त्यावर खरा आकडा द्या. ५४० मेगावॉट वीज काढायला भट्टीत त्याच्या तिपटीहून जास्त, सुमारे १,८०० मेगावॉट उष्णता तयार करावी लागते. उरलेली बाराशेच्या वर मेगावॉट समुद्रात जाते. समुद्राचं पाणी सात अंशांनीच तापू द्यायचं ठरवलं तर सेकंदाला चाळीसेक हजार लिटर पाणी लागतं. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरा, तसे सेकंदाला चार. तारापूर किनाऱ्यावर का, हे मग सांगावं लागत नाही.

तुमच्या बादलीचंही हेच. तीस वॉट उष्णता जात असेल तर दहा लिटर पाणी तासाला अडीच अंशांनी चढतं आणि दुपारपर्यंत मोटर सुस्तावते. मासळीबाजारातून किलोभर बर्फ आणून टाका, तेवढा तीन तास पुरतो.

दुसरा प्रयोग: तिन्ही जोड्या चालू करा आणि लाल पंप बंद करा. पाणी डब्यातच अडकल्याने तापमान चढू लागतं. ५५ ला रिले "टक्" करते आणि सहाही कांड्या बंद. कांड्यांना समांतर एक छोटा लाल दिवा लावला असेल तर तो विझलेला लांबूनही दिसतो. बहुतेक प्रेक्षक इथे टाळ्या वाजवून पुढे सरकतात. त्यांना थांबवा.

आता ३९ ओहमची कांडी मुठीला धरून उचला (नळी तापलेली असते, तांब्याला हात लावू नका) आणि शेजारी ठेवलेल्या अरुंद, उंच बाटलीत सोडा. बाटलीत पन्नास मिलिलिटर पाणी, बाहेरून फोमची जाड गुंडाळी, आत तापमापक. भट्टी "बंद" आहे. तरी बाटलीतलं पाणी मिनिटाला जवळपास एक अंश चढतं. पाचेक मिनिटं गप्पा मारा, मग आकडा दाखवा.

खऱ्या भट्टीतही असंच होतं. न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे आत पडले की विभाजन क्षणात थांबतं. पण विभाजनातून तयार झालेली मूलद्रव्यं स्वतःच किरणोत्सारी असतात, ती फुटत राहतात आणि उष्णता देत राहतात. बंद झाल्याक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण १,८०० मेगावॉटचा अर्धा टक्का म्हणजे ९ मेगावॉट, आणि त्याला स्विच नाही. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच ठरल्याप्रमाणे बंद पडल्या होत्या. नंतर आलेल्या त्सुनामीने डिझेल जनित्रं बुडवली, पाणी फिरणं थांबलं आणि तीन भट्ट्यांचं इंधन वितळलं. वापरून झालेलं इंधन बाहेर काढल्यावरही वर्षानुवर्षं पाण्याच्या तलावात ठेवतात, ते याचसाठी.

कोणी चलाख परीक्षक म्हणेल, ही कांडी मोठ्या डब्यातच राहू दिली असती तर? खरं सांगा: डब्याचं पाणी थंडच होत गेलं असतं. खऱ्या भट्टीपुढे हा डबाही लहानच, आणि लहान भांड्यातून उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग भरपूर असतो. कपातला चहा आणि पातेल्यातला चहा यांच्यात आधी निवतो कोण, हे घरोघरी माहीत आहे. भट्टीचा गाभा हे फार मोठं पातेलं आहे. म्हणूनच बाटलीला फोम गुंडाळावा लागला.

उत्साह असेल तर यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणा आणि दोन्ही पंप व ३९ ओहमची कांडी एका चेंजओव्हर स्विचमधून त्यावर घ्या. मुख्य प्लग काढा: सहा कांड्या गेल्या, पाणी फिरतंच आहे. सव्वा अँपिअरच्या आत भार असल्याने चांगली बॅटरी पाचेक तास काढते. ही तुमची डिझेल जनित्रं.

हमखास येणारे प्रश्न

"तुमचं मॉडेल वीज खातं जास्त, देतं कमी." अगदी बरोबर. चकत्या मिलिवॉटमध्ये देतात, एक टक्काही नाही. ५५ आणि २८ अंशांच्या मध्ये आदर्श यंत्रालाही ८ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. तारापूरच्या २५० अंशांच्या आसपासच्या वाफेला ती मर्यादा ४० टक्क्यांजवळ असते, हाती ३० येतात. आणि खरं केंद्रही आपल्या विजेचा साधारण दहावा हिस्सा स्वतःच्या पंपांवर आणि इतर यंत्रांवर खर्च करतं.

"आमच्या घरी तारापूरची वीज येते का?" ती पश्चिम ग्रिडमध्ये मिसळते, तुमच्या मीटरपाशी वेगळी काढता येत नाही. देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा सुमारे ३ टक्के.

"युरेनियम किती लागतं?" हा आकडा तक्त्यावर हवाच. या जातीच्या भट्टीत किलोभर नैसर्गिक युरेनियममधून साधारण पन्नास हजार युनिट वीज निघते. महिन्याला अडीचशे युनिट जाळणाऱ्या घराला वर्षाला ६० ग्रॅम. तेवढ्याच विजेला आपल्याकडचा दगडी कोळसा दोन टनांच्या वर. ५४० मेगावॉटच्या भट्टीतला एक जुडगा अर्धा मीटर लांब, २४ किलोच्या आसपास, त्यात १९ किलो युरेनियम, म्हणजे अशा तीनशे घरांचं वर्ष. पीव्हीसी पाइपचे ३७ तुकडे बांधून दहा सेंटिमीटर व्यासाचा खऱ्या मापाचा जुडगा टेबलावर ठेवा. मुलं तो हातात घेऊन बघतात, घुमटाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

"दांडे अडकले तर?" या भट्ट्यांत बंद करण्याची दुसरी, स्वतंत्र सोय असते: न्यूट्रॉन शोषणारं गॅडोलिनियमचं द्रावण मंदायक पाण्यात (नळ्यांभोवतीच्या, न्यूट्रॉनांचा वेग कमी करणाऱ्या जड पाण्यात) सोडलं जातं. "बॉम्बसारखा स्फोट होईल का?" नाही. नैसर्गिक युरेनियममध्ये विभाजन होणारा भाग ०.७ टक्केच असतो. मात्र फुकुशिमा आणि कचऱ्याचा प्रश्न आपण होऊन तक्त्यावर घाला. प्रश्न आल्यावर सुचलेलं उत्तर नेहमी बचाव वाटतं. तयारीसाठी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातलं अणुऊर्जेचं दालन एकदा पाहून या.

प्रदर्शन संपल्यावर

लाल फेरीत नळाचं पाणी कधी ठेवू नका, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरा. तांब्याच्या कांड्या आणि ॲल्युमिनियमचा ब्लॉक एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजतं. आठवड्याभरात पाणी काळपट होतं, चिखलासारखा थर पंपात जातो आणि ब्लॉकला सुईएवढी भोकं पडतात. तालुका पातळीवर निवड झाली आणि मधे तीन आठवडे गेले, की मॉडेल नेमकं तिथे गळतं. म्हणून त्याच संध्याकाळी सगळं पाणी काढा, ब्लॉकमधून फुंकर मारून तो उन्हात सुकवा, पंप उलटा करून निथळू द्या, आणि क्लिपा काढून चकत्या कापडाने पुसून वेगळ्या डबीत ठेवा. पुन्हा जोडताना जुनी पेस्ट पूर्ण खरवडून नवी लावा.